मदत हवी आहे: 'फ्रँचायझी'चे इतके अर्थ, मुलांना नीट कसे समजवायचे?

अभ्यासिका_ताई

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात अभ्यासिका चालते, एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती अशी तयारी करणारी पोरंपोरी येतात आणि दर शनिवारी आम्ही एक विषय घेऊन बोलत बसतो. येत्या शनिवारी 'फ्रँचायझी' घ्यायचं ठरलंय. कारण मुलांचा खरंच गोंधळ होतोय. राज्यघटनेच्या पुस्तकात ॲडल्ट फ्रँचाईज म्हणजे प्रौढ मताधिकार, पेपरात भिवंडीच्या विजेची फ्रँचायझी, टीव्हीवर आयपीएलची फ्रँचायझी आणि स्टँडसमोरच्या फ्लेक्सवर चहाच्या दुकानाची फ्रँचायझी. एका मुलीने सरळ विचारलं की मॅडम, मत देण्याचा आणि चहा विकण्याचा संबंध काय? सगळ्यांनी वह्या उघडल्या, कारण प्रश्न सगळ्यांनाच पडलेला होता.

मी शोधलं ते असं. मूळ शब्द जुन्या फ्रेंचमधला, अर्थ मोकळीक, सूट. पुढे इंग्लंडमध्ये राजाने एखाद्याला दिलेला खास हक्क म्हणजे फ्रँचाईज, म्हणजे अमुक ठिकाणी जत्रा भरवायची, बाजार बसवायचा, नदीवर नाव चालवून उतारूंकडून पैसे घ्यायचे, हे सगळं राजाच्या परवानगीने, बाकी कुणी करायचं नाही. हे कळल्यावर मला तरी बरंच सुटल्यासारखं वाटलं. म्हणून मुलांना प्रत्येक ठिकाणी हेच विचारायला सांगणार आहे की हक्क कोण देतंय, कुणाला देतंय, बदल्यात काय घेतंय आणि परत काढून घेऊ शकतं का.

मताधिकाराला हे प्रश्न लावले की इतिहास फार स्पष्ट दिसतो. इंग्रजांच्या काळात मत ही खरंच सरकारने दिलेली सवलत होती. अमुक इतका शेतसारा भरतो, इन्कम टॅक्स भरतो, त्याला मत, बाकीच्यांनी बघत बसायचं. मत कुणाला द्यायचं हे ठरवायला साउथबरो समिती आली, तिच्यासमोर २७ जानेवारी १९१९ ला डॉ. आंबेडकरांनी साक्ष दिली, तेव्हा ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांनीही याच समितीपुढे साक्ष दिली. बाबासाहेबांचं म्हणणं असं की अस्पृश्यांकडे मालमत्ताच राहू दिलेली नाही, मग मालमत्तेची अट लावून मतदार शोधाल तर सापडणार कुठून, त्यांच्यासाठी अट खाली आणा. १९३२ ची लोथियन समिती, जिचं नावच इंडियन फ्रँचाईज कमिटी होतं, तिच्यात ते सदस्य होते आणि त्यांनी वेगळी टिपणीही जोडली. नंतर घटनेत कलम ३२६ आलं आणि पैसा, जमीन, शिक्षण सगळ्या अटी गेल्या, फक्त वय राहिलं, आधी २१ आणि ६१ व्या दुरुस्तीनंतर १९८९ पासून १८. पहिल्या निवडणुकीला, १९५१-५२ ला, १७ कोटींवर मतदार होते. मला वाटतं मुलांना हे सगळ्यात आधी सांगावं, कारण यातली बरीच पोरं अशा घरातली आहेत की १९१९ च्या अटीत त्यांच्या पणजोबांचं नाव यादीत आलंच नसतं.

आता मदत कुठे हवी ते सांगते. एक, विजेची फ्रँचायझी म्हणजे खासगीकरण का, यावर मुलं भांडतात आणि मला नीट उत्तर देता येत नाही. दोन, आणि हे घाईचं आहे, एका मुलाचे वडील फूड आउटलेटची फ्रँचायझी घेतायत, करारनामा घरी आलाय, सही बाकी आहे, त्यात काय बघायचं? तीन, या शब्दाचा अजून कुठला अर्थ सुटलाय का? सिनेमाची फ्रँचायझी मला माहीत आहे, एकाच पात्राचे पाच-सहा सिनेमे निघतात ती, त्यावर वेळ घालवणार नाही.

निवृत्त_अभियंता

ताई, मी वीज खात्यातच आयुष्य काढलं त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो. खासगीकरण म्हणजे लायसन्स आणि मालमत्ताच दुसऱ्याकडे जाते. फ्रँचायझीत तसं होत नाही. वीज कायदा २००३, कलम २(२७) बघा, फ्रँचायझी म्हणजे लायसन्सवाल्याने आपल्या भागातल्या एका तुकड्यात आपल्या वतीने वीज वाटायला नेमलेला माणूस किंवा कंपनी. लायसन्स महावितरणचंच, खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर महावितरणचेच आणि युनिटचा दर वीज नियामक आयोग ठरवतो तोच, कंपनीला तो वाढवता येत नाही.

मग कंपनी कमावते कुठून? पोरांना फळ्यावर असं दाखवा. एखाद्या भागाच्या वेशीवर मोठं मीटर आहे, तिथून १०० युनिट आत गेली. चोरी, गळती, थकबाकी धरून पैसे आले ४५ युनिटांचेच. कंपनी टेंडरमध्ये सांगते की वेशीवरच्या प्रत्येक युनिटमागे मी महावितरणला इतके पैसे देईन, आत किती वसूल होतात ते माझं मी बघेन. तिने मीटर बदलले, तारांवर टाकलेले वीजचोरीचे आकडे काढले, केबल घातली आणि वसुली ८५ युनिटांपर्यंत नेली तर मधला फरक तिचा. नाही जमलं तर तोटाही तिचाच. याला इनपुट बेस्ड म्हणतात. (आकडे समजण्यापुरते आहेत.)

भिवंडीत हे २६ जानेवारी २००७ ला टोरेंट या खासगी वीज कंपनीकडे गेलं, देशातला अशा पद्धतीचा पहिला मोठा प्रयोग, सगळं यंत्रमागाचं गाव. पुढे नागपूरचा काही भाग, तेव्हाचं औरंगाबाद, जळगाव इथेही दिलं. पण ते टिकलं नाही हे मुलांना जरूर सांगा, औरंगाबाद २०१४ ला परत आलं, जळगाव २०१५ ला, नागपूर २०१९ ला. मार्च २०२० पासून मुंब्रा-शीळ-कळवा आणि मालेगाव फ्रँचायझीत आहेत. म्हणजे हक्क परत काढून घेता येतो का या तुमच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर, हो, परत येतं, आणि परत येताना लोकांची थकबाकी, कामगार आणि तक्रारी तिन्ही घेऊन येतं. माझं मत विचाराल तर यंत्रणा चांगली चालवायची तर आपल्याच लोकांना अधिकार आणि साहित्य वेळेवर द्यायला हवं होतं, पण भिवंडीत वसुली सुधारली हे मी नाकारणार नाही.

खातेवही

ताई सगळ्यात आधी त्या वडिलांना सांगा की या आठवड्यात सही करू नका. कुणी 'ऑफर उद्या संपते' म्हणत असेल तर अजिबातच नको. अमेरिकेत नियम आहे की फ्रँचायझी देणाऱ्याने सगळी माहिती, २३ मुद्द्यांची, सही किंवा पैसे घ्यायच्या किमान १४ दिवस आधी लेखी द्यायची. आपल्याकडे फ्रँचायझीचा असा वेगळा कायदाच नाही, करार कायदा १८७२, ट्रेडमार्क कायदा १९९९ आणि कराराचा कागद यावरच सगळं चालतं. म्हणून कागदच नीट वाचायचा.

रॉयल्टी, म्हणजे त्यांचं नाव वापरण्याबद्दल कंपनीला सतत द्यायचे पैसे, कशावर आहे ते पहिलं बघा. जवळपास नेहमी ती विक्रीवर असते, नफ्यावर नाही. समजा महिन्याला ३ लाखांची विक्री झाली आणि रॉयल्टी ६ टक्के, तर १८,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३,२४०, एकूण २१,२४० दर महिन्याला जाणार, मग गाळ्याचं भाडं, दोन पोरांचा पगार, लाईट बिल भरून हातात काही राहो न राहो. कच्चा माल त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती आहे का आणि त्याचा दर कोण ठरवणार हे तर त्याहून महत्त्वाचं, कारण खरं मार्जिन तिथेच जातं. आपल्या दुकानापासून किती अंतरात दुसरं आउटलेट देणार नाहीत ते लिहिलेलं हवं, तोंडी नको. डिपॉझिट कधी, किती दिवसांत, काय कापून परत देणार तेही. ट्रेडमार्क खरंच त्यांच्या नावावर रजिस्टर आहे का हे सरकारी साईटवर फुकट शोधता येतं, खाण्यापिण्याच्या सेवेचा क्लास ४३.

धंदा सोडल्यावर अमुक वर्षं तसलं दुकान टाकायचं नाही असं कलम असेल तर लगेच घाबरू नका, करार कायद्याचं कलम २७ अशा बंदीच्या आड येतं. करार चालू असतानाची बंदी मात्र चालते, १९९५ च्या गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोकाकोला खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलंय. आणि चालू आउटलेटवाल्यांना भेटताच ना, तसं बंद पडलेलं एखादं शोधून त्या माणसाशी बोला, खरं काय ते तोच सांगेल.

ह्यूस्टनकर

इथे टेक्सासमध्ये फ्रँचाईज टॅक्स असतो, आणि त्याचा चेन दुकानांशी काही संबंध नाही. राज्यात कंपनी म्हणून धंदा करण्याच्या हक्काबद्दलचा कर. तुम्ही वर लिहिलेला राजाने दिलेल्या हक्काचा अर्थ इथे जसाच्या तसा उरलाय.

विमा_सल्लागार

विम्यातला राहिला. माल जहाजाने जातो त्या विम्यात फ्रँचाईज म्हणजे नुकसानीची किमान मर्यादा. माल १ लाखाचा, फ्रँचाईज ५ टक्के. नुकसान ४,००० झालं तर काहीच मिळणार नाही, ६,००० झालं तर पूर्ण ६,००० मिळणार. एक्सेस, म्हणजे ठरलेली रक्कम दरवेळी वजा करायची अट, असता तर ५,००० वजा होऊन १,००० च हातात आले असते. परीक्षेत या दोघांची अदलाबदल करून विचारतात.

अभ्यासिका_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः सर तुमचं वेशीवरच्या मीटरचं, तेच फळ्यावर काढणार आहे. आयपीएलचंही मी आता त्याच चार प्रश्नांत बसवलंय, २००८ ला बीसीसीआयने आठ संघांचे हक्क लिलावात विकले आणि पुणे वॉरियर्सचा करार २०१३ ला रद्द केला, पुण्याजवळ गहुंजेच्या स्टेडियमला सामने बघितलेली मुलं आहेत त्यांना हे पटकन कळेल.

त्या वडिलांनी सही थांबवली आहे. काल आम्ही तिघांनी बसून करार वाचला. रॉयल्टी विक्रीवरच आहे, अंतराचं कलम नाही, डिपॉझिट 'कंपनीच्या निर्णयानुसार' परत असं लिहिलंय, आणि करार कंपनी ३० दिवसांच्या नोटिशीने मोडू शकते पण यांनी मोडला तर डिपॉझिट जप्त. खातेवही, डिपॉझिटचं आणि करार मोडण्याचं ही दोन कलमं बदलून मागायची तर पत्रात नेमकं काय लिहावं, एखादा मसुदा इथेच टाकता का? सोमवारी त्यांचा माणूस येणार आहे.