आईच्या पित्ताशयातील खडे : पथ्यावर थांबावे की शस्त्रक्रिया करून घ्यावी?

प्रश्न (जुळे सोलापूर)

नमस्कार. माझ्या आईचे वय ५६ असून गेल्या चार महिन्यांत तिला पोटदुखीचे दोन मोठे झटके येऊन गेले. पहिला झटका नात्यातल्या लग्नाहून परत आल्यावर रात्री दीडच्या सुमारास आला. उजव्या बरगडीखाली सुरू झालेली कळ पाठीतून खांद्याच्या फऱ्यापर्यंत गेली, तिला बसवत नव्हते की पडवत नव्हते, आणि तीन तासांनी ती आपोआप ओसरली. आम्ही ते आम्लपित्त समजून गोळी दिली व विषय सोडून दिला. पंधरवड्यापूर्वी तसाच दुसरा झटका आल्यावर सोनोग्राफी केली. पित्ताशयात अनेक खडे असून सर्वांत मोठा ११ मिमी व बाकीचे ३ ते ५ मिमी आहेत, पित्ताशयाची भिंत जाड झालेली नाही आणि मुख्य पित्तनलिका फुगलेली नाही, असे अहवालात लिहिले आहे. सर्जननी दुर्बिणीतून पित्ताशय काढून टाकण्याचा सल्ला दिला.

आईचा या शस्त्रक्रियेला ठाम विरोध आहे. तिच्या थोरल्या बहिणीचे हेच ऑपरेशन फार वर्षांपूर्वी पोट उघडून झाले होते. तो वीतभर लांब व्रण आणि मावशीने अंथरुणावर काढलेले दिवस ती विसरलेली नाही. शिवाय शेगावच्या पालखीबरोबर सोलापुराहून मंगळवेढामार्गे पंढरपूरला चालत जाण्याचा तिचा नेम आहे आणि तो यंदा चुकावा हे तिला मान्य नाही. शेजारच्या काकू हुलग्याचे कढण व पाषाणभेदाचा काढा घ्यायला सांगतात, तर पुण्याच्या एका नातलगाने ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस एका रात्रीत पिऊन खडे पाडण्याचा उपाय पाठवला आहे. आई सोमवार व एकादशी काटेकोर पाळते, चातुर्मासात एकभुक्त राहते, आणि घरी शेंगा चटणी कुटून विकत असल्याने दिवसातून दहा वेळा तिची चव घेणे होतेच. नैसर्गिक उपायांनी निदान दिवाळीपर्यंत थांबता येईल का, आणि थांबलो तर कोणता धोका पत्करावा लागेल, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १ (विजापूर रोड)

तेल-लिंबाच्या उपायाबद्दल तेवढे लिहितो, कारण तो मी स्वतः केला आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात दिवसभर सफरचंदाचा रस, संध्याकाळी मॅग्नेशियमचे जुलाबाचे मीठ आणि झोपताना पेलाभर ऑलिव्ह तेल लिंबाच्या रसात घेतले. सकाळी शौचावाटे हिरवट, मऊसर, शेंगदाण्याएवढे तीस-पस्तीस गोळे पडले. मला इतका आनंद झाला की ते धुऊन, डॉक्टरांना दाखवण्यासाठी वर्तमानपत्राच्या कागदावर गच्चीत वाळत ठेवले. सोलापूरचे मेमधले ऊन आपण जाणताच. अर्ध्या तासाने वर गेलो तेव्हा कागदावर हिरवे तेलकट डाग उरले होते आणि गोळा एकही नव्हता. पित्ताचा खडा उन्हाने वितळत नाही. पुढच्या सोनोग्राफीत माझे खडे होते तितके, होते तिथेच दिसले.

नंतर वाचनात आले की २००५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशाच गोळ्यांच्या तपासणीविषयी टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यांत कोलेस्टेरॉल सापडले नाही. प्यायलेल्या तेलातील मेदाम्ले आणि लिंबाचा रस यांच्यापासून पोटातच तयार झालेला तो साबणासारखा पदार्थ होता. एवढे तेल एकदम पोटात गेले की पित्ताशय जोराने आकुंचन पावते, आणि आत खरोखर लहान खडे असतील तर ते नळीत ढकलले जाऊ शकतात. आईंना कृपया हा प्रयोग करू देऊ नका.

प्रतिसाद २ (आयुर्वेदाचा पदवीधर, पाच्छा पेठ)

हुलगे आणि पाषाणभेद यांच्याविषयी माझ्या शास्त्राच्या बाजूने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण या एका गैरसमजापायी बरेच रुग्ण महिनोन्‌महिने घालवतात. सुश्रुतसंहितेत ज्या अश्मरीचे वर्णन आहे ती मूत्रमार्गातील अश्मरी होय, आणि पाषाणभेदाचा पारंपरिक उपयोगही तिच्यासाठीच आहे. मूत्रखडा लघवीच्या वाटेवर असतो, म्हणून भरपूर पाणी व मूत्रल द्रव्ये यांचा तिथे काही उपयोग संभवतो. पित्ताशय त्या वाटेवर नाहीच, तेव्हा कितीही काढे प्यायले तरी त्यातला खडा लघवीवाटे पडणार नाही. औषधाने न हटणाऱ्या अश्मरीवर शस्त्रकर्म सांगणारे सुश्रुतच होते, हेही आईंना अवश्य सांगा. हुलग्याचे माडगे अन्न म्हणून जरूर घ्यावे. ते चांगलेच आहे.

हळदीच्या अर्काच्या गोळ्या मात्र सध्या देऊ नयेत, कारण त्यांतील घटकाने पित्ताशयाचे आकुंचन होते. भाजीतील चिमूटभर हळदीला हरकत नाही.

प्रतिसाद ३ (निवृत्त परिचारिका)

ताई, मी शस्त्रक्रिया विभागात तीस वर्षांहून अधिक काळ नोकरी केली आहे. तुमच्या आईंची भीती मला नवी नाही, आणि ती खोटी आहे असेही मी म्हणणार नाही. त्यांनी पाहिलेले ऑपरेशन तसेच असायचे. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला पित्ताशयाचा रुग्ण आठ-दहा दिवस वॉर्डात असे. खोकला आला तरी दोन्ही हातांनी पोट धरून बसलेल्या बायका मला अजून आठवतात. पुढे १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी भारतातील पहिली दुर्बिणीतून केलेली पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली, आणि काही वर्षांत ती पद्धत आपल्याकडेही रुळली. आता बहुधा चार छिद्रे घेतात, रुग्णाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात आणि एक-दोन दिवसांत घरी सोडतात. क्वचित आतील सूज किंवा चिकटपणामुळे सर्जनना मध्येच पोट उघडावे लागते, आणि हजारात तीन ते पाच रुग्णांत पित्तनलिकेला इजा होऊ शकते. ती गंभीर बाब असते. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी या दोन्ही शक्यता सर्जनकडून समजून घ्याव्यात आणि अशा किती शस्त्रक्रिया त्यांनी केल्या आहेत हेही संकोच न करता विचारावे.

आता मूळ मुद्दा. पित्त यकृतात तयार होते. पित्ताशय ही ते साठवून घट्ट करणारी, जेमतेम ३० ते ५० मिलि मावेल एवढी पिशवी आहे. तेल-तुपाचे जेवण आतड्यात उतरले की ती आकुंचन पावून पित्त सोडते. त्या वेळी खडा तोंडाशी अडकला की जी कळ उठते ती तुमच्या आईंनी अनुभवली आहे, आणि ती लग्नाच्या जेवणानंतर मध्यरात्री का उठली याचे उत्तरही यातच आहे. पिशवी काढल्यावर पित्त यकृतातून थेट आतड्यात येत राहते, त्यामुळे ‘आता अन्न पचणारच नाही’ ही भीती बाळगू नये. काहींना काही आठवडे जुलाबासारखे होते आणि थोड्यांना ते जास्त काळ टिकते.

खडे कोणालाही त्रास न देता पडून असतील तर बहुतेक वेळा शस्त्रक्रिया करत नाहीत, कारण अशा लोकांपैकी दरवर्षी शंभरात फार तर दोघा-चौघांना त्रास सुरू होतो. तुमच्या आईंची गोष्ट वेगळी आहे. एकदा कळ येऊन गेली की ती पुन्हा येण्याची शक्यता पुष्कळ वाढते, आणि त्यांना ती दोनदा आली आहे. अहवालातले ३ ते ५ मिमीचे खडे वाचून तुम्हाला कदाचित हायसे वाटले असेल, परंतु मला काळजी त्यांचीच वाटते. मोठा खडा पिशवीतच राहतो. बारीक खडा घसरून मुख्य नळीत जाऊ शकतो, तिथे अडकला तर कावीळ होते आणि स्वादुपिंडाच्या तोंडाशी अडकला तर त्याला सूज येते. ती सूज किती भयंकर असते हे मी अतिदक्षता विभागात पाहिले आहे.

खडे विरघळवणारी अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडची गोळी आहे, पण ती कॅल्शियम न साचलेल्या, कोलेस्टेरॉलच्या लहान खड्यांवर आणि पित्ताशय नीट काम करत असेल तरच उपयोगी पडते. ती सहा महिने ते दोन वर्षे घ्यावी लागते, आणि खडे विरघळल्यानंतरही पाच वर्षांत सुमारे निम्म्या रुग्णांत ते पुन्हा होतात. काही कारणाने भूल देता येत नसेल अशांसाठी हा मार्ग राखून ठेवतात.

थांबायचेच असेल तर पुढील गोष्टी घरातील प्रत्येकाला पाठ असाव्यात. पाच-सहा तासांत न थांबणारी कळ, थंडी वाजून येणारा ताप, डोळे पिवळे होणे, चहाच्या रंगाची लघवी, पांढुरकी शौच किंवा सारखी उलटी, यांपैकी एकही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावे. आई तिऱ्ह्याच्या पुढे, दिंडीच्या मुक्कामावर रात्री दोन वाजता असतील तर त्यांना कोण आणि कसे आणील, हा प्रश्न त्यांच्यापुढेच मांडा. शस्त्रक्रिया आत्ता झाली आणि सर्व सुरळीत पार पडले तर पालखी येईपर्यंत त्यांना चालण्यापुरती ताकद आलेली असेल. चालावे की नाही हे मात्र सर्जनलाच विचारावे. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात बसते याची चौकशी तेथील आरोग्यमित्राकडे करावी.

प्रतिसाद ४ (होटगी रोड)

मी थांबलेल्यांपैकी आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. सहा वर्षांपूर्वी दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत माझ्या पित्ताशयात १६ मिमीचा एकच खडा निघाला. त्याने आजवर कधीही दुखवलेले नाही, त्यामुळे सर्जननीच दरवर्षी तपासणी करून थांबायला सांगितले.

पथ्याबाबत माझ्याकडून सुरुवातीला एक चूक झाली. मी तेल पूर्ण बंद केले, रात्रीचे जेवण सोडले आणि दोन महिन्यांत तेरा किलो वजन उतरवले. पुढच्या सोनोग्राफीत खड्याच्या सोबतीला गाळही दिसला. वजन झपाट्याने उतरले की पित्तात कोलेस्टेरॉल वाढते, आणि पोट फार वेळ रिकामे राहिले की पित्ताशय रिकामे होत नाही व पित्त आत साचून राहते, असे डॉक्टरांनी समजावले. तेव्हापासून मी वेळच्या वेळी तीनदा जेवतो, दोन्ही वेळेला ज्वारीची भाकरी, पालेभाजी व डाळ घेतो, भाजीला मोजून तेल घालतो आणि रोज सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या बाजूने पाऊण तास चालतो. तळलेले पदार्थ आणि मटणाचा तर्रीदार रस्सा सोडला. आपली शेंगा चटणी मूठभर शेंगदाण्यांची व सुटलेल्या तेलाची असते, त्यामुळे तुमच्या आईंनी सध्या चव पाहण्याचे काम दुसऱ्या कोणाकडे द्यावे. निर्जळी एकादशी आणि एकभुक्त यांविषयीही फेरविचार व्हावा. हे सर्व केल्याने झटके कमी होऊ शकतात. आत असलेला खडा मात्र याने जात नाही. तुमच्या आईंना दोनदा कळ आली आहे. त्यांच्या जागी मी असतो तर थांबलो नसतो.

प्रतिसाद ५ (अक्कलकोट रोड)

माझ्या वडिलांचे खडे ४ मिमीचे होते. ‘एवढेसे तर आहेत’ असे म्हणून आम्ही आठ महिने काढ्यांवर घालवले. स्वादुपिंडाला सूज येऊन त्यांना एकोणीस दिवस रुग्णालयात राहावे लागले, आणि त्यानंतर दुर्बिणीने नळी मोकळी करून पित्ताशय काढावे लागले. ते आज बरे आहेत. पहिल्या कळेनंतरच निर्णय घेतला असता तर त्यांचे ते दिवस वाचले असते, याची खंत मला आहे, म्हणून लिहिले.

प्रश्नकर्तीचे उत्तर (पाच आठवड्यांनंतर)

सर्वांचे मनापासून आभार. मी हे सर्व प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवले. परिचारिका ताईंचा मुक्कामावरच्या रात्रीचा प्रश्न ऐकल्यावर ती बराच वेळ गप्प बसली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, ‘पालखी यायच्या आत करून घेऊ.’ यकृताच्या रक्ततपासण्या व्यवस्थित आल्या, त्यामुळे नळीत खडा नसावा असे सर्जननी सांगितले. साखर थोडी जास्त होती, ती आटोक्यात आणायला आठवडा गेला. शस्त्रक्रिया दुर्बिणीतूनच पूर्ण झाली, पोट उघडावे लागले नाही, आणि तिसऱ्या दिवशी आई घरी आली. खांद्यात दोन दिवस दुखत होते. पोटात भरलेल्या वायूमुळे ते होते व आपोआप जाते, असे सांगण्यात आले होते आणि तसेच झाले. पित्ताशय तपासणीला पाठवले होते, त्याचा अहवालही चांगला आला.

काढलेले खडे त्यांनी प्लास्टिकच्या डबीत घालून दिले. एकवीस खडे निघाले, तपकिरी, एकमेकांवर घासून कडा पडलेले. पहिल्या प्रतिसादातील गृहस्थांचा अनुभव आईच्या मनात इतका बसला होता की घरी आल्यावर तिने ते कागदावर ठेवून गच्चीत नेऊन ठेवायला लावले. दुपारभर ते उन्हात होते. संध्याकाळी मोजले तेव्हा एकवीसच्या एकवीस तसेच होते आणि कागदावर तेलाचा डागही नव्हता.

सुमारे बारा दिवस तिला दिवसातून तीन-चारदा शौचाला जावे लागे, आता ते थांबले आहे. चटणीची चव सध्या मी पाहते. सर्जननी अजून काही आठवडे ओझे उचलायला मनाई केली आहे, म्हणून यंदा तिची पिशवी माझ्या खांद्यावर राहील आणि मंगळवेढ्यापर्यंत तिने गाडीने यावे असे ठरले आहे. तिथून पुढे किती चालायचे, हे ठरवायला तिला पुढच्या सोमवारी पुन्हा दाखवायचे आहे.