मदत हवी आहे: यूकेत आयएलआर (कायम मुक्कामाचा परवाना) नाकारला, व्हिसाही संपलेला. नवा अर्ज लगेच भरावा का?

कृष्णाकाठ
नवरा स्किल्ड वर्कर व्हिसावर, मी डिपेंडंट. व्हिसा १४ जानेवारी २०२६ ला संपला, पण आयएलआरचे अर्ज ५ जानेवारीलाच भरले होते. ३ मार्चला दोघांनाही नकाराचं ईमेल आलं. कारण एकच: १२ महिन्यांत १८४ दिवस देशाबाहेर, मर्यादा १८०. सासऱ्यांच्या आजारपणात नवऱ्याच्या सांगलीला तीन फेऱ्या झाल्या: १२ फेब्रुवारी ते ८ मे २०२३, २० जुलै ते १२ ऑक्टोबर, २३ डिसेंबर ते ४ जानेवारी. कंपनी म्हणतेय, नवं सीओएस (कंपनीचं स्पॉन्सरशिप प्रमाणपत्र) देतो, आजच स्किल्ड वर्करचा अर्ज भरून टाका. भरावा का? तोवर नोकरीचं काय?

टेम्सकाठी
आज अजिबात भरू नका. कंपनीचा हेतू चांगला असेल, पण ह्यातच लोक फसतात.

व्हिसा संपायच्या आत अर्ज गेला होता, म्हणून जुन्याच अटींवरचा मुक्काम कायद्याने चालू आहे. त्याला ३सी लीव्ह म्हणतात. नकार आला म्हणून ती त्याच दिवशी संपत नाही. अॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यूसाठी, म्हणजे नकाराच्या फेरतपासणीसाठी, १४ दिवस मिळतात (तुमचे १७ मार्चपर्यंत), तेवढे दिवस ती असते. रिव्ह्यू मुदतीत भरला तर त्याचा निकाल लागेपर्यंत असते. त्याच कंपनीत तेच काम करता येतं.

नवा अर्ज टाकला की रिव्ह्यूचा हक्क जातो आणि ३सी तिथेच संपते. नव्या अर्जाचा निकाल येईपर्यंत हातात काहीच नाही. त्या काळात एक दिवस जरी काम केलं तरी बेकायदा, आणि कंपनीला माणशी ४५,००० पौंडांपर्यंत दंड. एचआरला हे सांगा, आपोआप घाई थांबेल. त्यांना होम ऑफिसच्या एम्प्लॉयर चेकिंग सर्व्हिसकडून तुमच्या कामाच्या हक्काची पडताळणी करून घ्यायला सांगा. होकार आला की त्यांना सहा महिन्यांचं संरक्षण मिळतं.

जुना_सोलापुरी
तारखा पाहिल्या. मला वाटतं नकारच चुकलाय.

फक्त पूर्ण दिवस मोजायचे असतात. निघाल्याचा दिवस आणि परत उतरल्याचा दिवस धरत नाहीत. पहिली फेरी दोन्ही टोकं धरून ८६, म्हणजे खरे ८४. दुसरी ८५ ची ८३. तिसरी १३ ची ११. बेरीज १७८! टोकं धरून केली तर बरोबर १८४ येते, म्हणजे हिशेब कुठे चुकला ते उघडच आहे.

फक्त एक करा. ही मर्यादा कॅलेंडर वर्षाला नाही, कुठल्याही सलग १२ महिन्यांना आहे. ह्या तीन फेऱ्यांच्या मागेपुढे लंडन-पॅरिससारखी छोटी सहल असेल तर तीही एक्सेलमध्ये टाका आणि १२ महिन्यांची खिडकी पुढे-मागे सरकवून बघा.

कृष्णाकाठ
दुसरी एकही फेरी नाही, पासपोर्टचे शिक्के तपासले. मग रिव्ह्यूत सासऱ्यांचं डिस्चार्ज कार्डही जोडू का?

जुना_सोलापुरी
आधी जोडलं होतं का? नसेल तर आता उपयोग नाही. रिव्ह्यू म्हणजे अधिकाऱ्याची चूक दाखवणं; नवे कागद सहसा बघतच नाहीत. आधी जोडलेलं असून निर्णयपत्रात त्याचा उल्लेखच नसेल तर मात्र तो दुसरा मुद्दा म्हणून लिहा, कारण जवळच्या नातेवाईकाच्या जीवघेण्या आजारातली गैरहजेरी वगळता येते.

अर्ज ऑनलाइन, फी ८० पौंड. पाल्हाळ नको. निर्णयपत्रातलं ते वाक्य जसंच्या तसं उतरवा, खाली तीन फेऱ्यांचं कोष्टक द्या, आणि पूर्ण दिवसांचा नियम अपेंडिक्स कंटिन्युअस रेसिडेन्सच्या मार्गदर्शिकेत आहे हे नमूद करा. सॉलिसिटर किंवा आयएए-नोंदणीकृत (इमिग्रेशन अॅडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंदलेल्या) सल्लागाराच्या नजरेखालून घालाच. ‘काम करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटकडे जाऊ नका.

टेम्सकाठी
रिव्ह्यू फेटाळला गेलाच तर: त्या निकालापासून १४ दिवसांत नवा अर्ज केला तर नियमांनुसार मधले दिवस माफ होतात, आयएलआरला लागणारी पाच वर्षांची साखळी तुटत नाही. पण काम बंद ते बंदच. म्हणून सीओएस तेव्हासाठी तयार ठेवा (दिल्यापासून तीन महिनेच चालतं, आज घेऊन ठेवू नका), नवऱ्याने बिनपगारी रजा टाकायची आणि दोघांसाठीही सुपर प्रायॉरिटी घ्यायची. माणशी १,००० पौंड जास्त, पण बायोमेट्रिक्सनंतरच्या (बोटांचे ठसे-फोटो दिल्यानंतरच्या) पुढच्या कामाच्या दिवसाअखेर निकाल. आरोग्य अधिभार माणशी वर्षाला १,०३५ पौंड, तो वेगळाच.

नव्या व्हिसाची मुदत किती मागायची? समजा १८४ च खरे धरले, तरी पाच वर्षांची मोजणी १७ फेब्रुवारी २०२३ पासून सुरू केली की सुरुवातीचे पाच दिवस बाहेर पडतात. म्हणजे फेब्रुवारी २०२८ ला पुन्हा आयएलआर, अर्ज त्याच्या २८ दिवस आधीपासून. पण पाचाची दहा वर्षं करायचा प्रस्ताव सरकारने २०२५ मध्ये मांडलाय, तेव्हा हा मार्ग दुसऱ्या क्रमांकाचा. आधी रिव्ह्यूच लढा.

कृष्णाकाठ
एप्रिलची सांगलीची तिकिटं काढलेली आहेत. चार दिवस जाऊन आलो तर?

टेम्सकाठी
रद्द करा. रिव्ह्यू चालू असताना देश सोडला, किंवा प्रवासासाठी पासपोर्ट परत मागितला, तरी रिव्ह्यू मागे घेतल्याचं धरतात. विमान उडालं की ३सी संपली. परत यायला नवा व्हिसा तिकडूनच काढावा लागेल.