पॅरालिसिसच्या अ‍ॅटॅकला दहा बोटांना सुया? बास करा आता!

नौपाडा_नाना:
काल इथे एका सद्गृहस्थांनी लिहिलं की सासऱ्यांची एक बाजू गेली होती, अ‍ॅक्युपंक्चरने ते चालायला लागले, म्हणून सगळ्यांना फुकट सल्ला : अ‍ॅटॅक येताच दहाही बोटांच्या टोकांना सुई टोचून रक्ताचे थेंब काढा, मेंदूचं सर्क्युलेशन सुरू होतं, मग हवं तर हॉस्पिटल. खाली ढीगभर हात जोडलेले.

डोकं सणकलं, कारण आमच्या काकांवर हा प्रयोग झालाय. चहाची बशी हातातून निसटली, तोंड वाकडं, बोलणं बोबडं. शेजाऱ्यांनी शुगर तपासायच्या सुईने एकेक बोट टोचलं, वर कानाच्या पाळ्यासुद्धा. मी पोचलो तर बोटाबोटाला कापूस, चादरीवर लाल ठिपके आणि काकू म्हणतायत, आता बरं वाटतंय वाटतं त्यांना. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरीणबाईंनी पहिलं काय विचारलं, तर शेवटचे धडधाकट कधी बघितले? मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, त्याच्या आधी सीटी स्कॅन, कारण आत गुठळी आहे का रक्तस्राव ते बाहेरून कळत नाही, आणि रक्तस्राव असला तर तेच इंजेक्शन जिवावर बेतेल. आमची वेळ टळली होती. काकांचा उजवा हात अजून लुळाच आहे.

सीवूड्सवाली:
नाना, काकांचं वाईट झालं. पण एका अडाणी फॉरवर्डचा राग सगळ्या अ‍ॅक्युपंक्चरवर काढताय. माझ्या आईची मूठ आवळलेली असायची, नखं तळहातात रुतायची, रुमाल कोंबून ठेवायचो. डिस्चार्जच्या वेळी व्यायामाचा एक कागद हातात दिला, फिजिओ यायचा तो एक डोळा घड्याळावर ठेवून. सुयांवाल्या मॅडम निवांत बसायच्या, प्रत्येक बोट हळूहळू सोडवायच्या. आज आई पोळीचा तुकडा स्वतः मोडते. डॉक्टरांच्या गोळ्या एकही दिवस चुकवल्या नाहीत, तेव्हा औषधं सोडून सुया लावल्या असा प्रश्नच नाही.

नौपाडा_नाना:
ताई, पहिल्या तीन महिन्यांत मेंदू आपला आपणच बराच सावरतो. त्या काळात सुया लावा, मालिश करा नाहीतर नुसता नवस बोला, श्रेय त्यालाच जातं.

सीवूड्सवाली:
आईच्या सुया सातव्या महिन्यात सुरू केल्या. विचारायचं तरी आधी!

नौपाडा_नाना:
बरं, मग ते गणित इथे लागू नाही. घ्या एक मार्क.

कोपरी_काका:
दोघंही जरा दमानं. चीनमध्ये न्यूरोच्या वॉर्डात सुया लावतात, तिआनजिनमध्ये १९७२ पासून स्ट्रोकसाठी, म्हणजे याच अ‍ॅटॅकसाठी, खास पद्धत आहे. आपल्या केंद्र सरकारनेसुद्धा २०१९ मध्ये उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. सोलापूरच्या डॉ. कोटणीसांची परंपरा आहे ही, तिला काय नावं ठेवता?

रात्रपाळी_नर्स:
काका, कोटणीस सर्जन होते हो! १९३८ ला चीनला गेले, जखमी सैनिकांची ऑपरेशनं केली आणि १९४२ ला तिथेच वारले. सुया भारतात आणल्या त्यांच्याच पथकातल्या डॉ. बसूंनी, १९५९ मध्ये. आणि चीनमध्येही वेळेत आलेल्या पेशंटला गुठळीचं इंजेक्शन देतात, सुया त्याच्या जोडीला. मान्यता मिळाली म्हणजे स्ट्रोकवर गुण सिद्ध झाला असं होत नाही. उपचारांच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०१६ मध्ये अ‍ॅटॅकनंतरच्या रिकव्हरीवरच्या ३१ चाचण्या तपासल्या, २२५७ पेशंट. थोडा फायदा दिसतो पण बहुतेक चाचण्या कच्च्या, असं त्यांचं म्हणणं. अ‍ॅटॅक ताजा असतानाचं त्यांनी २०१८ मध्ये बघितलं, तिथे खोट्या सुयांपुढे, म्हणजे नुसत्या टोचल्याच्या नाटकापुढे, खऱ्या सुयांचा ठोस फायदा दिसला नाही. आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर सुया लावणाऱ्याला आधी सांगा, लोक तेवढंच लपवतात.

कोपरी_काका:
झालं, आल्या मॅडम आकडे घेऊन. तुमच्या हॉस्पिटलांचं बिल बघून निम्म्यांना दुसरा अ‍ॅटॅक येतो त्याचं बोला.

घोडबंदरचा_कैदी:
साडेचार तास वगैरे ठीक आहे, पण कुणी सांगेल का की ठाण्याच्या घोडबंदर रोडवर संध्याकाळी कासारवडवलीहून माजिवड्याला पोचायचं कसं? मेट्रोचे खांब, खड्डे, वर सर्व्हिस रोड मेन रोडमध्ये मिसळलाय, म्हणजे अँब्युलन्सला शिरायला फट होती तीही गेली. न्हावाशेव्याचे कंटेनर गुजरातला जाणार ते आमच्या दारावरून. वडिलांना घेऊन पातलीपाड्याला अडकलो होतो, मागे अँब्युलन्स बोंबलतेय, पुढे ट्रेलर आडवा, त्याचा ड्रायव्हर खाली उतरून तंबाखू मळतोय. शेवटी दोन पोरांनी बाइक आडव्या लावून वाट काढली. आणि इथे चर्चा सुयांची!

ऐरोली_एक्स्प्रेस:
म्हणून सांगतो खाडी ओलांडून नवी मुंबईत या. पाम बीच रोडला गाडी सुटली की सुटली.

घोडबंदरचा_कैदी:
तुमच्या ऐरोलीतून पाम बीच गाठेपर्यंत ठाणे-बेलापूर रोडला काय होतं ते सांगा की. निघाले शहाणपण शिकवायला.

कोपरी_काका:
टॉवर उठत होते तेव्हा डोंगर बघून बुकिंग केलंत, रस्ता कुणी बघितला नाही. आता भोगा.

घोडबंदरचा_कैदी:
काका, तोंड सांभाळा. कोपरीला वन बीएचके परवडला असता तर आलोच असतो.

नौपाडा_नाना:
अहो, माझा धागा आहे हा! रस्ता तुंबतो हे माहितीये ना, मग तर एक मिनिटही सुया टोचण्यात घालवू नका. आणि जवळचं नाही, तर ज्या हॉस्पिटलात रात्रीसुद्धा सीटी स्कॅन चालतं तिथे न्या. आमची गाडी आधी कोपऱ्यावरच्या नर्सिंग होमला गेली, तिथे स्कॅनच नव्हतं, परत यू-टर्न.

घोडबंदरचा_कैदी:
यू-टर्न मिळाला? नशीबवान आहात.

सीवूड्सवाली:
आईच्या सुया मी बंद करणार नाही, नर्सबाईंनी अजून दहा रिव्ह्यू आणले तरी. दहा बोटांवाली ती पोस्ट मात्र रिपोर्ट केलीये, तेवढं तुमचं बरोबर. आता चालू द्या तुमचं घोडबंदर.

घोडबंदरचा_कैदी:
चालू कुठलं ताई, गायमुखपासून बंदच आहे.