हॉकचा संधिवात: घोडीचं काम, नाल, औषध कसं ठेवावं?

ओहोटी_नागाव (प्रश्न)

घोडी १४ वर्षांची, काठेवाडी मिश्र. छातीचा घेर १६० सेंमी, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी १५०. दोन चाकी गाडी ओढते: ओहोटीला अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यापर्यंत, एरवी किनाऱ्यावर फेऱ्या.

सकाळी तबेल्यातून काढली की मागून आखडून चालते, थोड्या वेळाने मोकळी होते. मागच्या दोन्ही नाला पुढच्या टोकाला घासून पातळ झाल्यात, डावी जास्त. नालबंदाला पाय धरू देत नाही. हॉकच्या (मागच्या पायाचा मधला, मागे टोक असलेला सांधा) आतल्या बाजूला, खालच्या अंगाला, बोटाला कडक उंचवटा लागतो. एक्स-रेत खालच्या दोन सांध्यांमधली फट कमी झालेली आणि कडेला हाड वाढलेलं दिसलं. वरचा मोठा सांधा स्वच्छ आहे.

काम पूर्ण बंद करायचं का? गोळी किती आणि कुठवर? समुद्रात उभी करावी का? आणि गावात सगळे डाग द्या म्हणतात, त्याचं काय?

पशुवैद्य_रायगड

डागाचं आधी सांगतो: देऊ नका. तापलेली सळई, बिब्बा, फोड आणणारी मलमं यांनी कातडी जळते, सांध्यातल्या दुखण्याला काही होत नाही. डागानंतर जनावर सुधारल्यासारखं दिसतं ते जखमेमुळे मिळालेल्या सक्तीच्या विश्रांतीने.

वरचा सांधा स्वच्छ आहे ही तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची ओळ. हॉक म्हणजे एक सांधा नव्हे, एकावर एक बसलेले चार. पाय दुमडतो तो जवळजवळ सगळा वरच्या मोठ्या सांध्यात. खालचे दोन जेमतेम सरकतात आणि तुमच्या घोडीचं दुखणं तिथेच आहे. हे दोन कालांतराने हाडाने सांधून एक झाले तर दुखणं थांबतं आणि चालीत फारसा फरक पडत नाही. मात्र त्याला काही महिने लागतील की काही वर्षं, हे आधी सांगता येत नाही, आणि काही घोड्यांत ते पूर्ण होतच नाही. उद्या हॉकच्या पुढच्या-आतल्या बाजूला मऊ, दाबली की दुसरीकडे फुगणारी सूज आली आणि सोबत लंगडणं वाढलं, तर तो वरच्या सांध्याचा मामला. तेव्हा लगेच दाखवा.

दोन्ही नाला घासल्यात म्हणजे दुखणं बहुधा दोन्ही पायांत आहे. असं असलं की घोडी उघड लंगडत नाही, नुसती पावलं आखडती टाकते, आणि मालक पाठीवर संशय घेतो. एक्स-रेवरून दुखण्याचं माप काढू नका. खराब दिसणारा सांधा कमी दुखतो आणि उलटही होतं. पाय ६० ते ९० सेकंद दुमडून धरायचा आणि लगेच दुडकी चालवून बघायचं, ही चाचणी उपयोगी. पण पाय दुमडला की वरचा स्टायफल, म्हणजे मागच्या पायाचा गुडघा, तोही दुमडतो, म्हणून नुसत्या तिच्यावर निदान करू नये. शंका असेल तर सांध्यात भूल देऊन खात्री करतात.

गोळी वजनावर ठरते. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११८७७: तुमच्या मापांनी सुमारे ३२३ किलो. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक दिवसातून एकदा ०.६ मिग्रॅ प्रतिकिलो, म्हणजे साधारण १९० मिग्रॅ. गाईबैलांच्या अंदाजाने देऊ नका. त्याऐवजी फिनाइलब्युटाझोन हे दुसरं वेदनाशामक दिलं तर लांबच्या वापरासाठी २.२ मिग्रॅ प्रतिकिलो, म्हणजे ७०० मिग्रॅच्या आसपास. दोन्ही एकत्र कधीच नाही. पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडं बिघडतात. पाणी कमी पिणाऱ्या, उन्हात घामेजलेल्या घोडीत तर हा धोका दुप्पट समजा. चारा सोडला, शेण पातळ झालं, दात खायला लागली, की गोळी थांबवून फोन करा. किती दिवस द्यायची हे तुमच्या डॉक्टरांनी तपासून ठरवावं.

माणसांच्या डायक्लोफेनॅकची बाटली तर घरात आणूच नका. जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे, केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवर २०२३ पासून. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडं मरतात. आपल्याच जिल्ह्यात म्हसळ्याजवळ चिरगावला ती मोठ्या कष्टाने टिकवली आहेत.

आणि गोळी देऊन पूर्ण काम घ्यायचं नाही. दुखणं झाकलं जातं, झीज चालूच राहते.

नालबंद_गुहागर

पाय धरू देत नाही हा हट्ट नव्हे, दुखतंय म्हणून. डावा उचलला की सगळा भार उजव्यावर, आणि तोही दुखरा. पाय उंच उचलू नका, बाहेरच्या बाजूला ओढू नका. पोटाखाली, जमिनीपासून वीतभरावर धरा, थोडं काम करा, खाली ठेवा, पुन्हा धरा. डॉक्टर हो म्हणाले तर नाल बदलायच्या दिवशी गोळी दोन-तीन तास आधी द्या.

बाजूने बघा. खुराच्या पुढच्या भिंतीची रेघ आणि खुरापासून घोट्यापर्यंतच्या भागाची रेघ एका सरळीत हवी. पुढचं टोक लांब आणि टाच बसकी असेल तर प्रत्येक पाऊल उचलताना हॉकला जादा ताण बसतो. टोक मागे घ्या, नालेचं पुढचं टोक गोल घासून वर वळवा म्हणजे पाऊल लवकर सुटतं. नालेच्या मागच्या दोन्ही बाजू टाचेच्या थोड्या मागे येऊ द्या. वजनाने हलकी नाल. डांबरी रस्त्यावर घसरू नये म्हणून टाचेला उंच टिकल्या ठोकतात, त्या काढा: खूर जागीच अडतो आणि पिळ थेट खालच्या सांध्यात जातो.

५ ते ६ आठवड्यांनी नाल बदलायचीच, घासलेली नसली तरी. पावसाळ्यात खूर भिजून मऊ होतो, खिळ्यांची भोकं मोठी होतात, नाल हलते. तेव्हा दर आठवड्याला हाताने हलवून बघा.

ओहोटी_नागाव

मनापासून आभार. किल्ल्याची फेरी बंद करायची का? आणि सांध्यातलं इंजेक्शन घ्यावं का?

मोतद्दार_काशीद

किल्ल्याची फेरी बंदच करा. पाण्याखालच्या खडकात चाक अडकलं की घोडी मागच्या पायांवर बसून झटका देते, हॉकवर सगळ्यात जास्त जोर तेव्हाच येतो. सुक्या भुसभुशीत वाळूतही तेच. भरतीच्या रेषेखालची ओली, घट्ट वाळू घ्या, जिथे खुराचा ठसा उमटतो पण खूर रुतत नाही. किनारा समुद्राकडे उतरता असतो, म्हणून एकाच दिशेने नेली तर एका बाजूचे पाय कायम खालच्या अंगाला राहतात. जितकं जाल तितकंच त्याच पट्टीवरून परत या. वळण मोठं घ्या, जागच्या जागी गाडी फिरवू नका.

पूर्ण बांधून ठेवणं सगळ्यात वाईट. रोज दोन-तीन वेळा रिकामी चालवा. जुंपण्याआधी १५ मिनिटं हातात धरून चाल, मग गाडी. दुडकी नकोच.

गाडीत माणसं चढल्यावर दांड्या हाताने सहज उचलता आल्या पाहिजेत. वजन पुढे आलं तर पाठीवर पडतं, मागे गेलं तर पोटपट्टा वर ओढला जातो. उतारावर गाडी मागून ढकलते, म्हणून ब्रेक चालू हवा आणि मागचा पट्टा नीट बसलेला हवा.

समुद्राबद्दल: आपल्याकडचं पाणी कोमट, बर्फासारखा उपयोग होत नाही. पोटापर्यंतच्या शांत पाण्यात पायांवरचा भार कमी होतो, तेवढा फायदा घ्या. लाटांत चालवू नका. बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन घोट्याच्या मागची खाच पुसून कोरडी करा, नाहीतर तिथे चिरा पडतात.

पशुवैद्य_रायगड

काम आणि नाल सुधारूनही आखडणं राहिलं तर इंजेक्शनचा विचार करा. ट्रायमसिनोलोन हे स्टिरॉइड साधारण वापरतात. खालचे दोन सांधे बऱ्याच घोड्यांत एकमेकांना जोडलेले नसतात, म्हणून दोन्हीकडे वेगळी सुई लागू शकते. काही महिने आराम पडतो, कायमचा नाही. जाड घोडीत स्टिरॉइडने खुराचा दाह होऊ शकतो, म्हणून आधी वजन उतरवा: फासळ्या दिसू नयेत, पण हात फिरवला की सहज लागाव्यात. गूळ आणि कोंडा कमी करा. चारा एकदम तोडू नका, सुक्या वजनाने शरीराच्या दीड टक्का तरी रोज पोटात जायला हवा, तुमच्या घोडीला जवळपास ५ किलो.

इंजेक्शन कडेकोट स्वच्छतेत हवं. केस कापून, त्वचा नीट निर्जंतुक करून, कोरड्या जागी. वाळूत किंवा शेणाच्या तबेल्यात कोणी सुई घालायला आलं तर परत पाठवा. नंतर एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती आणि आठवडाभर नुसती चाल. पुढच्या काही दिवसांत पाय टेकवेनासा झाला, सांधा गरम होऊन फुगला, तर सांध्यात जंतू गेलेत असं समजून त्याच दिवशी डॉक्टर बोलवा, सकाळपर्यंत थांबू नका.