चिनी कंपनीकडून अदिस अबाबाची ऑफर : क्यूसी इंजिनिअरच्या सहीला तिथे वजन असतं का?

नमस्कार मंडळी,

मी मूळचा साताऱ्याचा. गेली अकरा वर्षं दुबईत साइटवर क्वालिटीचं काम बघतोय. एका चिनी कंत्राटदार कंपनीने इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबात, एका उंच इमारतीसाठी क्यूए/क्यूसी (दर्जाची हमी आणि तपासणी) इंजिनिअर म्हणून बोलावलंय. गुरुवारपर्यंत हो-नाही कळवायचंय.

या कंपन्यांना मोठी कामं जमतात, याबद्दल शंका नाही. अदिसमधलं आफ्रिकन युनियनचं मुख्यालय चायना स्टेट या चिनी सरकारी बांधकाम कंपनीनेच बांधलं. चीन सरकारने २० कोटी डॉलर दिले आणि २०१२ मध्ये उद्घाटन झालं. तिथल्या कमर्शियल बँकेचा २०९ मीटर उंच टॉवरही त्यांचाच. अल्जियर्सच्या मोठ्या मशिदीचा २६५ मीटरचा मिनारसुद्धा. पण त्या मशिदीचं डिझाइन जर्मन आर्किटेक्टचं होतं. मला आलेल्या कामात डिझाइन आणि बांधकाम दोन्ही एकाच कंपनीकडे आहे, आणि माझी काळजी तिथेच आहे.

मुलाखतीत त्यांनी एक ड्रॉइंग पुढ्यात ठेवलं. टिपा चिनीत, खाली बारीक अक्षरात इंग्रजी. सळीच्या व्यासापुढचं चिन्हही ओळखीचं नव्हतं. विचारल्यावर कळलं, त्यांच्याकडे ग्रेडप्रमाणे चिन्ह बदलतं आणि हे एचआरबी४०० चं आहे, म्हणजे यील्ड (ज्या ताणाला सळी कायमची ताणली जाऊ लागते तो) ४०० मेगापास्कल. माझा हात ५०० मेगापास्कलच्या बी५००बी सळीवर बसलेला. काँक्रीटचं त्या मानाने सोपं, त्यांचा सी४० ग्रेड आपल्या एम४० सारखाच १५० मिमीच्या क्यूबच्या ताकदीवर ठरतो. कोड काय, शिकता येईल. पण समजा सळीचं टेस्ट सर्टिफिकेट बॅचशी जुळलं नाही, मी एनसीआर (काम ठरल्या दर्जाचं नाही असा लेखी अहवाल) काढला आणि रात्री स्लॅबचा पोअर, म्हणजे काँक्रीट ओतणं, ठरलेला आहे, तर तो थांबतो का? की चिनी प्रोजेक्ट मॅनेजर म्हणेल तीच पूर्व दिशा? सही माझी असणार आणि त्या स्लॅबखाली उद्या माणसं वावरणार. मला हे खरोखर जाणून घ्यायचंय.

दुसरी गोष्ट कागदाची. ऑफर लेटरवर हाँगकाँगला नोंदलेल्या कंपनीचं नाव आहे, काम इथिओपियात, पगार दुबईच्या खात्यात. पगार अडकला तर दाद कुठे मागायची? इथे निदान हिशोब स्पष्ट आहे, पहिली ५ वर्षं वर्षाला २१ दिवसांचा आणि पुढे ३० दिवसांचा मूळ पगार ग्रॅच्युइटी म्हणून मिळतो. त्यांच्या पत्रात ग्रॅच्युइटीचा उल्लेखच नाही, आणि मूळ पगार कमी ठेवून भत्ते फुगवलेत.

बायको आणि मुलगी शारजातच राहतील, मुलगी नववीत आहे.

आफ्रिकेत चिनी कंत्राटदाराकडे क्वालिटी किंवा प्लॅनिंगमध्ये काम केलेलं कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा. मटेरियलला मंजुरी कोण देतं? क्लायंटचा कन्सल्टंट रोज साइटवर असतो का? सही करण्याआधी पत्रात कोणतं कलम घालून घेऊ?