सर्टिफिकेशनचा निकाल वर्गाच्या गुणांत धरावा का? (मदत हवी आहे)

लॅबवाली

मंडळी, मी एका वर्षाच्या नेटवर्क तंत्रज्ञ अभ्यासक्रमाला शिकवते. वर्षाच्या शेवटी मुलं सीसीएनएची (सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीची सर्टिफिकेट देणारी) परीक्षा देतात. यंदा विभागप्रमुखांनी नवीन टूम काढली आहे: अंतिम गुणांतले ४० टक्के सीसीएनएच्या निकालावरून द्यायचे. म्हणे बाहेरचा निकाल खरा, आपले गुण काय, आपल्याच हातचे. बैठकीत मान डोलावून आले, पण तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

कारण माझ्या वर्गातली दोन मुलं. पहिला लॅबमधला हुकमी एक्का. मी एकदा मुद्दाम दोन स्विचमधल्या ट्रंकवर (अनेक व्हीलॅन, म्हणजे आभासी नेटवर्क, एकत्र नेणाऱ्या जोडणीवर) नेटिव्ह व्हीलॅन, म्हणजे खूण नसलेली माहिती ज्यात जाते तो, दोन टोकांना वेगवेगळे ठेवले. बाकीचे केबल बदलत बसले. हा गुपचूप कन्सोल लावून बसला, सीडीपीचा (शेजारचं सिस्को उपकरण ओळखणाऱ्या प्रोटोकॉलचा) इशारा वाचला आणि चार मिनिटांत मोकळा. सीसीएनएत नापास.

दुसरी मुलगी आरजे-४५ (नेटवर्क केबलच्या टोकाचा प्लग) लावताना तारांचे पीळ दोन बोटं उलगडून ठेवते (मर्यादा १३ मिमी, शंभरदा सांगून झालं). टेस्टरवर लाल दिवा लागला की टेस्टरलाच नावं ठेवते. ती पहिल्या फटक्यात पास!

४० टक्क्यांचा नियम लावला तर हिचे गुण त्याच्या वर जातात. माझं काही चुकतंय का? निकाल गुणांत धरायचा नाही, तर त्याचं करायचं काय? आणि प्रमुखांना काय सांगू?

जुना_राउटर

ताई, आधी त्या मुलाचा स्कोअर रिपोर्ट मागवून घ्या. पास-नापास हा त्यातला सगळ्यात बिनकामाचा शब्द. खाली विभागवार टक्के असतात, ते बघा. सीसीएनएचे सहा विभाग: नेटवर्कची मूलतत्त्वं २० टक्के, नेटवर्क ॲक्सेस २०, आयपी कनेक्टिव्हिटी २५, आयपी सर्व्हिसेस १०, सुरक्षा १५, ऑटोमेशन १०. तुमच्या लॅबचे गुण या सहा खणांत वाटून बघा. माझी पैज, तुमचे निम्म्याहून जास्त गुण दोनच खणांत पडतील.

आणखी एक. या परीक्षेत पुढच्या प्रश्नावर गेलात की मागे येता येत नाही, वेळ १२० मिनिटं. लॅबमध्ये खोदत बसणारा मुलगा इथे एकाच प्रश्नाला चिकटतो आणि वेळ घालवतो. त्याला विचारा, शेवटचे किती प्रश्न घाईघाईत उरकले.

प्रमुखांसाठी मुद्दा: तो स्कोअर टक्केवारी नव्हे. ३०० ते १००० अशी मोजपट्टी आहे आणि पासची रेषा सिस्को जाहीर करत नाही. ७६० म्हणजे ७६ टक्के असं धरून कोणी गुणपत्रिकेत चढवलं तर ते चक्क चूक आहे. आमच्याकडे एका वर्षी हे घडलंय, दुरुस्त करताना तोंडाला फेस आला.

ठिणगी

मी वेल्डिंगवाला. तुमचा वाद वाचून गंमत वाटली, कारण आमच्याकडे उलटी बोंब. आमचं सर्टिफिकेट हातानेच मिळतं. आयएसओ ९६०६-१ (वेल्डरच्या परीक्षेचं मानक) मध्ये परीक्षकासमोर प्लेट जोडायची, मग ती डोळ्याने तपासतात, बट जोड (कडेला कड लावून केलेला) असेल तर एक्स-रे काढतात, वाकवतात किंवा मोडून आतलं बघतात. वाकवलेल्या तुकड्यावर ३ मिमीपेक्षा मोठी भेग उघडली की खेळ खलास. तोंडी बडबडीला वावच नाही.

पण तो कागद फार अरुंद असतो. प्रक्रिया, धातूचा गट, जाडी, स्थिती सगळं लिहिलेलं. सपाट स्थितीत, म्हणजे पीएमध्ये, बट जोड पास झालेल्याने उभ्या जोडाला हात लावायचा नाही. शिवाय तो माणूस अजून ते काम करतोय अशी दर सहा महिन्यांनी सही लागते, नाहीतर कागद रद्दी. म्हणजे आम्हीसुद्धा 'पास' या शब्दावर विश्वास ठेवत नाही, 'कशात पास आणि कधी' हे विचारतो. तुमचा कागद तीन वर्षं चालतो ना? मग तीन वर्षांनी त्या मुलीचे पीळ किती उलगडलेले असतील, देव जाणे.

कुंपणावरचा

सगळे परीक्षेवर घसरलेत म्हणून उलटं विचारतो. लॅबचे गुण खरे कशावरून? परीक्षक तुम्ही एकट्याच. तो मुलगा तुमचा लाडका आहे हे पहिल्या चार ओळींत कळलं. 😄

लॅबवाली

@कुंपणावरचा, झोंबलं. पण मुद्दा बरोबर आहे. माझ्या गुणतक्त्यात 'केबल जोडणी व्यवस्थित, ५ गुण' असं लिहिलंय. 'व्यवस्थित' म्हणजे काय ते फक्त माझ्या डोक्यात.

जुना_राउटर

मग तिथूनच सुरुवात करा. 'व्यवस्थित' खोडा. तारांच्या रंगांचा क्रम टी५६८बी मानकाप्रमाणे, पीळ १३ मिमीच्या आत, बाहेरचं आवरण प्लगच्या आत दाबलेलं, टेस्टरवर आठही तारा बरोबर. प्रत्येकाला हो किंवा नाही, मधलं काही नाही. मग दुसऱ्या एखाद्या शिक्षकाला त्याच केबल न सांगता-सवरता तपासायला द्या आणि दोघांचं किती जुळतं ते मोजा. नुसती जुळण्याची टक्केवारी फसवते, कारण दोघंही सगळ्यांना 'हो' देत सुटले तरी ती शंभर येते. त्यासाठी कोहेनचा 'कापा' हा गुणांक वापरतात (१९६० पासून आहे), योगायोगाने जुळणारा भाग तो वजा करतो. दहा-पंधरा केबलना एवढं गणित नको. कुठे जुळत नाही तेवढं बघितलं तरी पुष्कळ.

भरतीवाला

मी मुलाखती घेतो. सर्टिफिकेट असेल तर अर्ज वरच्या गठ्ठ्यात जातो, एवढंच. पुढे मी एक स्विच समोर ठेवतो आणि म्हणतो, याला इंटरनेट मिळत नाहीये. पाठ करून आलेले दहा मिनिटांत उघडे पडतात. तो मुलगा माझ्याकडे दुसऱ्या फेरीत हमखास निवडला गेला असता, पण सर्टिफिकेटशिवाय पहिल्या फेरीतच आला नसता. म्हणून ताई, गुणांचं काहीही करा, त्याला पुन्हा बसवा. पाच दिवसांनी पुन्हा देता येते.

आणि फुटलेल्या प्रश्नांचे गठ्ठे फिरत असतात, ते वर्गात येऊ देऊ नका. प्रश्न बाहेर सांगणार नाही अशा करारावर उमेदवाराने होकार दिलेला असतो. पकडलं गेलं तर सर्टिफिकेट जातं.

लॅबवाली

अपडेट. रिपोर्ट मिळाला. नेटवर्क ॲक्सेस ९०, आयपी कनेक्टिव्हिटी ७६, आणि ऑटोमेशन २०! जेसन (माहिती लिहिण्याची पद्धत) किंवा एपीआय (एका प्रोग्रामने दुसऱ्याशी बोलायची सोय) लॅबमध्ये आम्ही शिवलोच नाही, एक तास व्याख्यान झालं होतं फक्त. म्हणजे ते २० टक्के त्याचे कमी आणि माझे जास्त. मूलतत्त्वांतही ४५, आणि हो, शेवटचे अकरा प्रश्न त्याने डोळे मिटून टिचकावले होते.

प्रमुखांशी बोलले. मोजपट्टीचा मुद्दा त्यांना लगेच पटला (आकड्यांचे माणूस आहेत). निकाल आता गुणांत धरायचा नाही, गुणपत्रिकेवर वेगळ्या ओळीत लिहायचा, पास झाल्याच्या तारखेसकट. @ठिणगी, ती तारीख तुमच्यामुळे. लेखी चाचणीही आता त्याच सहा विभागांत, वेळ लावून आणि मागे न जाता घेणार. त्या मुलीला मात्र केबल पुन्हा द्यावी लागणार आहे, सर्टिफिकेट असो वा नसो. ती चिडली आहे.

शेजारच्या वर्गातल्या सरांनी नव्या तक्त्यावर दहा केबल तपासल्या. चारांवर आमचं जुळलं नाही. चारही ठिकाणी भांडण एकच: पीळ मोजायचा कुठून, आवरणाच्या कडेपासून की प्लगच्या आतल्या टोकापासून? कोणाच्या तक्त्यात हे लिहिलेलं असेल तर फोटो टाका, प्लीज. सोमवारी चाचणी आहे.