सैरंध्री म्हणजे दासी?

कुलकर्णी काकू, ए-२०४: रविवारी मुंजीला नऊवारी नेसवून, खोपा घालून देणारं कोणी आहे का ओळखीचं?

देसाई काका, सी-६०१: सैरंध्री हवी म्हणा की! 😄

मधुरा, बी-३०३: काका, सैरंध्री म्हणजे दासी ना? ऐकलं तर यायचीच नाही कोणी 😅

देसाई काका: दासी नव्हे गं. अमरकोशात सरळ दिलंय, 'सैरन्ध्री परवेश्मस्था स्ववशा शिल्पकारिका'. राहते दुसऱ्याच्या घरी, पण मर्जी स्वतःची आणि हातात कला. वेण्या घालायच्या, उटणी वाटायची, हार गुंफायचे. द्रौपदीने अज्ञातवासात सैरंध्री म्हणून विराटाच्या राणीकडे, सुदेष्णेकडे काम धरलं तेच मुळी अटींवर. उष्टं खाणार नाही, कुणाचे पाय धुणार नाही.

मधुरा: बाप रे! आमच्या एचआरला दाखवते हे 😂

कुलकर्णी काकू: अज्ञातवासात एवढा रुबाब? संशय नाही आला राणीला?

देसाई काका: राणीला धास्ती वेगळीच. एवढी देखणी बाई घरात ठेवली तर राजाच भाळायचा! त्यावर हिचं उत्तर, माझे पाच गंधर्व पती राखण करतात. आणि आधीचं काम कुठे? तर सत्यभामेकडे आणि... द्रौपदीकडे! स्वतःचंच नाव सांगून मोकळी.

शिंदे सर, डी-१०२: नाटककार खाडिलकरांनी नेमकी हीच सैरंध्री उचलली. 'कीचकवध' १९०७ चं. तिच्यावर डोळा ठेवणारा राणीचा भाऊ कीचक म्हणजे व्हाइसरॉय कर्झन, सैरंध्री म्हणजे हिंदुस्थान, युधिष्ठिर नेमस्त आणि भीम जहाल, हे पिटातल्या माणसालाही कळत होतं. सरकारला जरा उशिरा कळलं, १९१० मध्ये बंदी घातली. नुसती रडणारी दासी असती तर नाटक उभंच राहिलं नसतं. परक्या घरात असूनही ती 'स्ववशा' आहे, सगळं त्यावर तोललंय.

मधुरा: सर 👏 प्रभातचा 'सैरंध्री' सिनेमा पण आहे ना?

शिंदे सर: हो, १९३३. रंगीत करायला जर्मनीपर्यंत गेले, पण रंग काही मनासारखे उतरले नाहीत. त्याआधी बाबूराव पेंटरांचा मूकपट, १९२०.

स्नेहा, बी-७०२: संस्कृतवाल्यांकडून एक भर. कालिदासाकडे हिची बहीण आहे, प्रसाधिका, म्हणजे साजशृंगार करून देणारी. ती एका बाईच्या पायाला अळता लावत असते, तेवढ्यात नवरदेव आल्याची गडबड. बाई ओला पाय तिच्या हातातून ओढून खिडकीकडे धावते, मागे लाल पावलांची रांग! श्लोक रघुवंशात अज राजपुत्रासाठी आहे, आणि जसाच्या तसा कुमारसंभवात शंकरासाठी. दोन्हीकडे सातवाच सर्ग.

देसाई काका: म्हणजे फॉरवर्ड करायची खोड कालिदासापासूनच म्हणायची 😄